नमुना चार

धारणी, १४ डिसेंबर २०२२

प्रिय बाळ्या,

चार महिने तुला एक ओळ नाही. टायफॉइड होता, उतरला, आता भाकरी पचते. पण लिहितोय ते वेगळ्याच गोष्टीसाठी. इथे कुणाला सांगितलं तर धीर देतील. तू देणार नाहीस, म्हणून तुलाच.

दीड महिना अकोल्याला पडून होतो. परवा ढाण्यावर, म्हणजे त्या वस्तीवर, गेलो तर घरांना कुलपं. निम्मी माणसं वीटभट्टीवर, लेकराबाळांसकट. आता होळीलाच परततील. आजीबाई होत्या (कोणत्या ते तुला कळलंच असेल, तुझा चष्मा कोंबडीच्या खुराड्यात सापडला त्या घरच्या). मी विचारलं, कामाची मागणी केली नाही का? त्या आत गेल्या आणि पत्र्याचा डबा घेऊन आल्या. डब्यात नमुना चारचे, म्हणजे रोजगार हमीत काम मागायचे, सदतीस अर्ज. नावं, जॉबकार्डाचे नंबर, अंगठे, सगळं बरोबर. सुनेनं बसून भरलेले. म्हणाल्या, "भाऊ, तू आल्यावर देऊ म्हटलं."

बाळ्या, ग्रामपंचायत तिथून दोन किलोमीटर आहे.

अर्ज दिलाच नाही, म्हणजे नमुना पाचची पोच नाही. तारखेची पोच नाही, म्हणजे पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तरी बेकारी भत्ता मागता येत नाही. कायदा तिथे, माणसं भट्टीवर, आणि मधे तो डबा. तेव्हापासून झोप नाही.

मेंढा-लेखा गावाहून परतताना गडचिरोलीच्या स्टँडवर आपण भांडलो ते आठवतं? २०११ साल, बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला ते. मी 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणत हवेत होतो. तू म्हणालास, घोषणा सोड, बसायची रीत बघ. अभ्यासगटात बाहेरचा माणूस बोलतो, वाद घालतो, माहिती देतो. पण निर्णय ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीनं. आणि वर म्हणालास, "आपण अभ्यासगटाचे, पण वागतो पंचायतीसारखे." मी तुझ्याशी वर्धेपर्यंत बोललो नाही. शेंगदाणेसुद्धा एकट्यानं खाल्ले.

संस्था कशाला, असं मी अजूनही म्हणणार नाही. १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांच्या मागे संघटना उभ्या नसत्या, तर रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला असता का? शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापून खेड्यातल्या मजुराला काम द्यायचं, हे आपल्या राज्यानं देशाच्या कितीतरी आधी केलं. राजस्थानात १९९४ला जनसुनावणीत हजेरीपत्रकं मोठ्यानं वाचली गेली, मग कुणाच्या नावावर किती उचललं ते गावानंच ओळखलं. त्यातून माहितीचा अधिकार आला, रोजगार हमीत सामाजिक अंकेक्षण, म्हणजे गावानंच कामाचा हिशोब तपासणं, आलं. गरिबाच्या हातात रोख मजुरी पडते, तेव्हा तो भट्टीवाल्याची उचल नाकारू शकतो. माझा यावर पूर्ण विश्वास आहे.

पण तिथे हजेरीपत्रक ज्याचं, हिशोबही त्यानंच मागितला. मी मात्र अकरा वर्षं अर्ज स्वतः नेऊन दिले. ग्रामसेवक मला खुर्ची देतो, चहा देतो, पोच तिथल्या तिथे देतो. त्या बायका दाराबाहेर उभ्या. लवकर होतं म्हणून मी जायचो. अहवालात 'इतके अर्ज दाखल' असा आकडा लिहायचो, तो खराच होता. कोण घेऊन गेलं, हा रकाना त्यात नव्हता आणि मलाही तो सुचला नाही. यंत्रणेत दलाल नको म्हणून निघालो आणि त्यांच्या लेखी अर्ज पोहोचवणारा माणूसच होऊन बसलो. पैसे घेतले नाहीत, एवढाच फरक.

काल संध्याकाळी उरलेल्यांना बोलावलं. गावात आहेत त्यांचे अर्ज नव्यानं भरायचे ठरले, चौदा निघाले. पंचायतीत कोण जाणार, यावर बराच वेळ कुणी बोलेना. मग सूनबाई म्हणाली, मी जाते, पण पोच नाही दिली तर? मी तोंड उघडलं आणि मिटलं. आजीबाई म्हणाल्या, "तिथंच बसायचं. भाकरी बांधून घे."

उद्या सकाळी जाणार आहेत. मी धारणीतच थांबेन. खरं सांगतो, हे मला फार जड जातंय.

तुझी बदली झाली का? वहिनींचा गुडघा कसा आहे? पिंटीच्या दहावीचं वर्ष आहे, तिला रागावू नकोस. मास्तर भेटले होते, तुझी आठवण काढत होते. होळीला ये. तेव्हा भट्टीवरचे परततात, त्यांच्यापुढे हा डबा उघडायचा आहे. तू शेजारी असलास तर बरं.

तुझा
बंडू