'हीरो'ला दोन ओळींत उरकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत चिनी तलवारबाजीच्या पिक्चरवर लेख आला, बघून खूप आनंद झाला, पण दिग्दर्शक झांग यिमौच्या 'हीरो'ला (२००२) त्यात दोन ओळींत उरकलंय, रंगीत कपडे आणि तारांवर उडणारी माणसं एवढंच. उडतात हो, वुश्या प्रकारात, म्हणजे चिनी तलवारबाज वीरांच्या गोष्टींत, माणसं उडणारच. पण हातात आलेला राजा तलवारबाज सोडून का देतो हा त्या पिक्चरचा सगळा जीव आहे आणि त्यावर लेखात एक अक्षर नाही, म्हणून लिहितेय.

चिन नावाच्या राज्याच्या (अख्खा चीन देश नव्हे, तेव्हाच्या अनेक राज्यांपैकी एक) राजापुढे एक अनामिक योद्धा (जेट ली) येऊन सांगतो की तुमचे तिन्ही मारेकरी मी संपवले. त्याचं बक्षीस म्हणजे राजाच्या जवळ बसायची परवानगी, आधी वीस पावलांवर, मग दहा. आणि दहा पावलांवरून त्याचा वार चुकत नाही. तीच हकिगत लाल, निळ्या, पांढऱ्या रंगात बदलून बदलून येते, म्हणजे रंग शोभेला नाहीत, कुणाचं खरं मानायचं ते रंगावरून कळतं.

त्या तिघांपैकी एक मारेकरी झालेल्या डॉनी येनसोबतची पहिली लढाई परत एकदा बघा. पाऊस पडतोय, छपरावरून पागोळ्या गळतायत, भाला आणि तलवार समोरासमोर, आणि दोघं मध्येच थांबतात, अनामिक एका म्हाताऱ्या आंधळ्या वादकाला वाजवत राहायला सांगतो. मग डोळे मिटून दोघं मनातल्या मनात लढतात, ते सगळं ब्लॅक अँड व्हाइट, आणि वाद्याची तार तुटली की खरा वार. चिंग स्यू-तुंगने बसवलेल्या या मारामारीत घाई कुठेच नाही, हे मला फार भारी वाटतं.

आणि ती चाओ राज्यातली सुलेखनाची शाळा! चिनचं सैन्य बाण सोडतंय, पोरं उठून पळायला लागतात, तेवढ्यात म्हातारे गुरुजी परत जागेवर येऊन बसतात आणि लिहायला घेतात, मग पोरंही बसतात. आत टोनी ल्युंग 'तलवार' हे अक्षर विसाव्या प्रकारे लिहितोय, बाहेर मॅगी चुंग (हे दोघं म्हणजे उरलेले दोन मारेकरी) आणि जेट ली बाण झटकतायत. राजाला हे कळतं तेव्हा तो म्हणतो की एका अक्षराचे एवढे प्रकार कशाला, सगळी राज्यं जिंकली की एकच ठेवीन.

इथेच माझं या पिक्चरशी भांडण आहे. शेवटी अनामिक राजाला मारत नाही, कारण काय तर सगळी राज्यं एक झाली की लढाया थांबतील. मला हे पटत नाही, कितीही वेळा बघितला तरी पटत नाही. याच राजाने इ.स.पू. २२१ मध्ये चीन एक केला, लिपी एक केली, आणि इ.स.पू. २१३ मध्ये पुस्तकं जाळायचा हुकूम काढला. त्या गुरुजींच्या शाळेचं पुढे काय झालं असतं ते यावरून कळतं. पिक्चर हे सांगत नाही, पण गुरुजींना बाणांखाली बसवून लिहायला लावलंय त्यानेच, म्हणून मला तो शेवट न पटूनही पिक्चर सोडवत नाही.

यामागे खरी घटना आहे तीही लेखात यायला हवी होती. इ.स.पू. २२७ मध्ये येन राज्यातून जिंग के नावाचा माणूस नकाशाच्या गुंडाळीत खंजीर लपवून याच राजासमोर गेला. सीमा च्येन या जुन्या चिनी इतिहासकाराच्या इतिहासात ते वाचताना अंगावर काटा येतो: नकाशा उलगडत शेवटी खंजीर दिसतो, राजाची तलवार इतकी लांब की म्यानातून निघेना, दरबाऱ्यांना हत्यार ठेवायची बंदी, राजा खांबाभोवती पळतोय, शेवटी वैद्य औषधाची पिशवी फेकून मारतो आणि लोक ओरडतात की तलवार पाठीवर घ्या, तेव्हा कुठे ती निघते. जिंग के तिथेच मारला गेला.

तेव्हा एक विनंती आहे, पुढच्या एखाद्या पुरवणीत जिंग केवर आणि त्याच्यावरून निघालेल्या पिक्चरवर सविस्तर लेख द्या, आणि 'हीरो'चा शेवट कुणाला पटतो, कुणाला नाही, त्यावर वाचकांची पत्रंही छापा.

आपली,
एक नियमित वाचक, सांगली