माळकरी आणि पिस्तूल

शुगर लँड, टेक्सास
१२ ऑक्टोबर

प्रिय सुधीर,

"तुमच्याकडे माणसं कमरेला पिस्तूल लावून भाजी आणायला जातात म्हणे, भीती नाही वाटत?" असं विचारलंयस. पहिली दोन वर्षं वाटायची. आता किराणा दुकानाच्या दारावर 'पिस्तूल आत आणू नये' अशी इंचभर अक्षरांची इंग्रजी-स्पॅनिश पाटी दिसली, तरी मी ती न वाचताच आत जातो.

आमचे शेजारी साठीचे, निवृत्त. मी गावाला गेलो की आमच्या अंगणातलं गवतसुद्धा तेच कापतात. वीस वर्षांपासून परवाना आहे त्यांच्याकडे. मागच्या महिन्यात त्यांनी मला बसवून आकडे दाखवले. इथलं सार्वजनिक सुरक्षा खातं दरवर्षी हिशेब छापतं: राज्यात शिक्षा किती झाल्या आणि त्यातल्या पिस्तूल-परवानेवाल्यांच्या किती. २०१३ साली खात्याच्या यादीतल्या गुन्ह्यांसाठी ५०,८६९ शिक्षा झाल्या, त्यात परवानेवाल्यांच्या १५८. हजारात तीन! आणि परवानेवाले तेव्हाच सात लाख होते, म्हणजे लोकसंख्येत शंभरात अडीच-पावणेतीन. "बघ, आमच्याइतकी सज्जन माणसं शोधून सापडायची नाहीत," म्हणाले.

आकडा खराच आहे रे. पण परवाना मिळतो कोणाला ते बघ. तेव्हा वय एकवीस पूर्ण लागायचं (लष्करातल्यांना सूट होती). बोटांचे ठसे द्यायचे. मोठ्या गुन्ह्यात शिक्षा झालेली नको, गेल्या पाच वर्षांत मधल्या दर्जाचा गुन्हाही नको, पोरांच्या पोटगीची थकबाकीसुद्धा नको. मग वर्ग, लेखी परीक्षा आणि नेमबाजी. शेजाऱ्यांबरोबर एकदा बघायला गेलो होतो. माणसाच्या आकाराचा कागद टांगलेला, पन्नास गोळ्या, पहिल्या वीस जेमतेम नऊ फुटांवरून. अडीचशेपैकी पावणेदोनशे गुण मिळाले की पास. कानावर झाकणं असूनही प्रत्येक बाराला माझे खांदे उडत होते, आणि शेजारच्या पट्टीवर एक आजीबाई शांतपणे गोळ्या भरत होत्या.

आता या चाळणीतून उतरलेल्यांची तुलना कोणाशी? सगळ्या जनतेशी. तिच्यात अठरा-वीसची तापट पोरं आली, आधी तुरुंगात जाऊन आलेलेही आले. आपल्या गावातल्या माळकऱ्यांत दारुडे किती निघतील? फार तर एखादा. म्हणून पंढरपुराहून पोतंभर माळा आणून गावात वाटल्या, तर गुत्ता बंद पडेल का?

बरं, टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संशोधकांनीही हीच शिक्षांची नोंद तपासली होती. परवानेवाल्यांना शिक्षा कमी होतात हे त्यांनाही दिसलं. पण ज्या होतात, त्यांत लैंगिक गुन्हे, बंदुकीचे गुन्हे आणि कोणाचा तरी जीव गेलेले गुन्हे यांचा वाटा इतरांपेक्षा जास्त. हे मी शेजाऱ्यांना सांगितलं, तर त्यांनी कॉफी ओतायला घेतली.

त्यांना हसण्यावारी मात्र नेऊ नकोस. १९९१ च्या ऑक्टोबरात इथल्या किलीन गावात एकाने भर दुपारी गाडी खानावळीत घुसवून तेवीस माणसं मारली. सुझाना हप नावाची बाई आईवडिलांसोबत जेवत होती. तिचं पिस्तूल बाहेर गाडीत होतं, कारण जवळ बाळगणं बेकायदा. आई आणि वडील दोघंही गेले. पुढे ती ते सांगत हिंडली, १९९५ मध्ये परवान्याचा कायदा झाला. तिच्या जागी मी असतो तर मला टक्केवारी सुचली असती असं वाटत नाही.

आणि गंमत म्हणजे २०२१ पासून ज्याला पिस्तूल बाळगायला कायद्याची आडकाठी नाही, त्याला परवाना लागतच नाही. ठसे नाहीत, वर्ग नाही, परीक्षा नाही. ज्या चाळणीच्या जोरावर तो आकडा इतका देखणा होता, तीच ऐच्छिक झाली. शेजारी स्वतः यावर नाराज आहेत. "आम्ही फी भरून शिकलो," म्हणतात. एवढ्या एका मुद्द्यावर आमचं जमलं.

अण्णांच्या बारा बोअरचं काय झालं? निवडणुकीला ठाण्यात जमा केली होती ना? मिळाली का परत, की रानडुकरांना अजून डबे वाजवूनच हाकलताय? ते कळव. अण्णांना आणि काकूंना नमस्कार.

तुझा,
प्रकाश