दुसरा ड्राइव्ह माझ्याकडे आहे

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

नीट पोचले. तुमच्या संगणकाचा बॅकअप घेतलेला ड्राइव्ह तुमच्या कपाटात ठेवलाय, तसाच आणखी एक मी बॅगेतून आणलाय आणि तो आता माझ्याकडेच ठेवणार आहे. फोनवर बोलले असते तर बाबा म्हणाले असते, 'घरातलं घरात असू दे.' म्हणून लिहिते आहे.

बाबा, दोन्ही ड्राइव्ह एकाच कपाटात राहिले तर आग, पाणी, चोरी, जे येईल ते दोन्हींना एकदमच गाठेल. बँकेचे कागद त्यात आहेत, तुमची काळजी मला कळते. म्हणून इमेजला, म्हणजे त्यातल्या अख्ख्या डिस्कच्या प्रतीला, पासवर्ड घातलाय. तो तुमच्या निळ्या वहीत, डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरच्या 48 आकडी कीच्या खाली लिहिलाय. ते पान फाडू नका.

'फोटो कॉपी केले की झालं' असं तुम्ही म्हणत होतात. फोटो वाचले असते, पण मोठी केलेली अक्षरं, मराठी कीबोर्ड, प्रिंटर हे सगळं पहिल्यापासून बसवायला लागलं असतं, आणि ते करायला मी तिथे नसते. हेच मनाला लागून राहतं. इमेजमध्ये डिस्क आहे तशी येते, विंडोजसकट. डिस्क गेलीच तर तेवढीच किंवा मोठी नवी बसवायची, लाल पट्टीच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करायचा आणि इमेज परत चढवायची. आई, तुझे फोल्डर होते तिथेच दिसतील. आत्ताही मी काही हलवलेलं नाही, पडद्यावरचा नातवाचा फोटोसुद्धा.

इमेज तपासून झाल्यावर ती उघडली आणि त्यातून माईआजीची कॅसेट लावली. सगळी ऐकली. मागे आईची खुर्ची करकरते, तेही आहे. बाबा, तुम्ही ती संगणकात उतरवत होतात तेव्हा आवाज व्हायला नको म्हणून मी दाराशी तोंडावर हात दाबून बसले होते. तुम्ही खुणेनेच जवळ बोलावलंत आणि हेडफोन माझ्या कानाला लावलात. त्या संगणकात काय आहे ते मला माहीत आहे, बाबा. दादाच्या लॅपटॉपचं झालं तसं याचं होऊ द्यायचं नाही.

आता ऐका. महिन्याच्या पहिल्या रविवारी ड्राइव्ह लावायचा. बॅकअप आपोआप सुरू होईल आणि फक्त बदललेलंच घेईल, त्यामुळे पहिल्यासारखा वेळ लागणार नाही. चालू असताना तो उचलायचा नाही, आत तबकडी फिरत असते. झाल्यावर 'सेफली रिमूव्ह' करून काढायचा आणि कपाटात ठेवायचा. सोयीचं वाटलं तरी कायम जोडून ठेवू नका. खंडणी मागणारा व्हायरस शिरला तर जोडलेला ड्राइव्हही कुलूपबंद करतो. आणि बाबा, जागा करायला म्हणून संगणकावरचे फोटो पुसू नका. तसं केलं की ड्राइव्हवरचा फोटो हीच मूळ प्रत होते, तिचा बॅकअप उरत नाही. जागा कमी पडली तर मला सांगा, मोठी डिस्क घेऊ.

नाही जमलं एखाद्या रविवारी तर राहू दे, जीव टांगणीला लावू नका. मी आले की माझा ड्राइव्हही घेऊन येईन आणि ताजा करून नेईन. आई, बाबांना टेबलाखाली वाकू देऊ नकोस. वायर मी पुढच्या बाजूच्या निळ्या पोर्टला लावून ठेवली आहे, ती तिथेच असू दे.

तुमची,
छकुली