खेळणं थांबवून खेळवणं

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, एवढी वर्षं फुटबॉल खेळलास, आता तुला कोण काय शिकवणार, सरळ कोच हो. आई, तुझा प्रश्न निराळा होता: खेळ थांबला की पगाराचं काय? दोन्हींची उत्तरं घाईत देण्यासारखी नाहीत, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी बाबांचं. समोरच्याने मान खाली घातली, पाय मागे नेला, की लांब पास येणार आणि आपण दोन पावलं मागे सरकायचं, हे मुरलेल्या डिफेंडरच्या अंगालाच कळतं. कोचला तेच सोळा वर्षांच्या पोराला शब्दांत सांगता आलं पाहिजे: काय बघायचं, कधी बघायचं, अंग कुठल्या बाजूला वळवून सरकायचं. हे फार अवघड जातं. म्हणून नवा कोच झालेला खेळाडू सांगण्याऐवजी स्वतःच बॉल घेऊन करून दाखवतो. पोरं खूश होतात, पण ते नेमकं कुठल्या क्षणी करायचं हे त्यांना कळत नाही. इटलीचे आरिगो साक्की व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळले नव्हते, वडिलांच्या बुटांच्या कारखान्याचा माल विकायचे. त्यांच्या मिलान संघाने 1989 आणि 1990 असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप जिंकला. शिकवणं ही स्वतंत्र विद्या आहे आणि ती मुळापासून शिकावी लागते.

त्यासाठी कोचिंग लायसन्सची शिडी आहे: डी, सी, बी, ए आणि सर्वांत वर प्रो. एक पायरी चढली की लगेच दुसरी मिळत नाही, मधल्या काळात संघ सांभाळावा लागतो. प्रात्यक्षिक परीक्षेत एक विषय देतात, समजा गोलकीपरपासून आक्रमण उभारणं. पोरं, मैदानाचा एक तुकडा आणि ठरावीक मिनिटं हातात असतात. चूक घडली त्याच क्षणी खेळ थांबवला का, सगळ्यांना जागच्या जागी उभं ठेवलं का, आणि अर्ध्या मिनिटात सांगून खेळ पुन्हा सुरू केला का, यावर परीक्षकाचं लक्ष असतं. भाषण लांबलं की पोरांची अंगं थंड पडतात आणि नेमकी चूक कुठे झाली तेही विसरायला होतं.

सरावाची आखणी म्हणजे बरंचसं मोजमाप. पूर्ण मैदान 105 बाय 68 मीटर. 22 जणांत वाटलं तर माणशी साधारण 325 चौरस मीटर येतात. तेच चार विरुद्ध चारचा खेळ 30 बाय 20 मीटरमध्ये लावला तर माणशी फक्त 75. छोट्या जागेत बॉल सारखा पायाशी येतो, थांबणं-वळणं-झटके भरपूर होतात, मांड्यांवर ताण येतो. पण पूर्ण वेगाने पळायला जागाच मिळत नाही. आठवडाभर असाच सराव घेतला आणि रविवारी विंगरला, म्हणजे कडेने पळणाऱ्या खेळाडूला, चाळीस मीटरची धाव घ्यावी लागली, तर हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, धरतो. लोक म्हणतात नशीब खराब, खरं तर आखणी चुकलेली असते.

म्हणून रविवारी मॅच असेल तर आठवडा असा लावतात: सोमवारी खेळलेल्यांना हलका व्यायाम, आणि बेंचवर बसलेल्यांना पूर्ण सराव, कारण त्यांच्या पायात मॅच गेलेलीच नसते. हे दुसरं विसरलं की दोन महिन्यांत राखीव खेळाडू दमसासात मागे पडतात. मंगळवारी सुट्टी. बुधवारी छोटी जागा, जोरकस काम. गुरुवारी मोठं मैदान आणि पूर्ण वेगाच्या धावा. शुक्रवारी भार कमी, शनिवारी पाऊण तास, त्यात कॉर्नर आणि फ्री-किक.

पण बाबा, कोचचा खरा कस मैदानाबाहेर लागतो. पंचवीस जणांत अकरा खेळतात, चौदा नाराज असतात. ज्याला वगळायचं त्याला यादी लागण्याआधी, एकट्याला बोलावून, कारण सांगून वगळायचं. भिंतीवरच्या कागदावरून कळलं तर तो पोरगा मनातून गेला. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर एका ताटात जेवलो त्यांनाच बसवायचं, हे सर्वांत जड. म्हणून निवृत्तीनंतर लगेच त्याच संघाचा मुख्य कोच होण्यापेक्षा आधी ज्युनिअर संघ घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. तिथे चुका करायला जागा असते. आपल्या कोल्हापुरात तर एका पेठेच्या तालमीच्या संघातून खेळलेल्या माणसाने दुसऱ्या पेठेचा संघ घेतला तर शाहू स्टेडियमवर काय गजर होतो, ते तुम्हाला सांगायला नको.

वाट लांब आहे, पण आहे. खालिद जमील 2009 मध्ये खेळ थांबवून मुंबई एफसीचे कोच झाले, सात वर्षं तिथेच राबले. मग 2016-17 मध्ये त्यांच्या ऐझॉल एफसीने 18 सामन्यांत 37 गुण मिळवून, मोहन बागानला एका गुणाने मागे टाकत आय-लीग ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. भारताच्या संघाचं मुख्य प्रशिक्षकपद आलं ते ऑगस्ट 2025 मध्ये. गोव्याच्या क्लिफर्ड मिरांडांनी 2023 मध्ये ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला, तोही तात्पुरते कोच असताना.

आता आई, तुझं. सुरुवातीचा पगार खेळाडूपेक्षा कमी असेल, आणि करार बहुतेक एकेका हंगामाचा. चार मॅच हरल्या की कोच जातो. म्हणून सही करताना रकमेइतकंच एक कलम बघायचं: मुदतीआधी काढलं तर किती महिन्यांचा पगार मिळणार. ते लेखी नसेल तर सही नाही. दोन वर्षांच्या घरखर्चाचे पैसे मी वेगळ्या खात्यात ठेवलेत आणि त्याला हात लावणार नाही. अजून खेळतोय तोवरच पुढचा कोर्स उरकायचा आहे, म्हणजे मध्ये रिकामं वर्ष जाणार नाही.

एक काम करा. लोखंडी कपाटात वरच्या खणात निळी फाइल आहे, तिच्यात राज्य संघाची प्रमाणपत्रं आणि डी लायसन्सचा कागद आहे. दोन्हीचे फोटो दादाकडून पाठवून द्या, मूळ कागद तिथेच राहू देत. अर्ज या महिन्यातच भरायचा आहे.

बाबा, गुडघ्याचा पट्टा रात्री झोपताना काढत जा.

तुमचा,
धाकटा