तत्त्वज्ञान आणि एआयच्या मंडळाने देणगी घेण्याआधी नियमावली लिहावी

संपादक महोदय,

ठाण्यात तत्त्वज्ञान आणि एआय या विषयाचं एक अभ्यासमंडळ रजिस्टर करायचं चाललंय, काही निवृत्त प्राध्यापक आणि ऐरोली-महापेला नोकरी करणारी तरुण मुलं मिळून करतायत, ही आपल्या पेपरातली छोटी बातमी वाचली आणि खरंच आनंद झाला, कारण आपल्याकडे या विषयावर बोलणारे एकतर इंजिनीअर असतात नाहीतर तत्त्वज्ञानवाले, दोघं एका टेबलाशी बसलेले फारसे दिसत नाहीत. व्याख्यानं, चर्चासत्रं, त्रैमासिक, सगळं बातमीत होतं. फक्त मंडळाचा कारभार कोण आणि कसा चालवणार याबद्दल एक ओळ नव्हती. मला काळजी वाटते ती त्याचीच, म्हणून हे पत्र.

मी ट्रस्ट आणि मंडळांचे हिशेब लिहायचं काम करतो, ठाणे नवी मुंबईतल्या बऱ्याच संस्थांचे कागद हाताखालून गेलेत. आपल्या राज्यात अशी संस्था दोन कायद्यांखाली येते, १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा. सात माणसं जमली की उद्देशपत्र आणि नियमावली जोडून अर्ज करता येतो. आता लोक नियमावलीचं काय करतात, तर ओळखीच्या मंडळाची तयार कॉपी घेतात, वरचं नाव बदलतात, सह्या करतात, झालं काम. ती कॉपी गणेशोत्सव मंडळाला चालून जाते, महिला मंडळाला चालते, वाचनालयालाही चालते. या मंडळाला मात्र ती पुरणार नाही, कारण ज्या गोष्टीचा अभ्यास करायचा ती विकणारी कंपनीच उद्या देणगीचा चेक घेऊन येणार आहे. ठाणे-बेलापूर रोडने जाऊन बघा, ऐरोली रबाळे महापे पट्ट्यात किती डेटा सेंटर उभी राहिलीत ते, त्यामुळे पैसे येणारच, आणि ते वाईट आहेत असंही मी म्हणत नाही, हॉलचं भाडं आणि छपाई कुठून तरी भागवावीच लागते. पण पैसे यायच्या आधी नियम हवा. चेक हातात आल्यावर केलेला नियम त्या चेककडे बघूनच केला जातो, हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय.

बाहेरच्या जगात काय झालंय ते बघा. २०१९ साली फेसबुकने जर्मनीत म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाला एआयच्या नीतिशास्त्राची संस्था काढायला ७५ लाख डॉलर दिले. संस्था स्वतंत्र राहील असं दोघांनीही सांगितलं, तरी पहिल्या दिवसापासून प्रश्न विचारले गेले, आणि ते विचारलेच जायला हवे होते. त्याच वर्षी गूगलने एआयच्या नीतिमत्तेवर सल्ला द्यायला बाहेरच्या लोकांची एक समिती नेमली, त्यात तत्त्वज्ञही होते, पण नावं सगळी वरून ठरलेली, मग कर्मचाऱ्यांनीच एका नावावर जोरात हरकत घेतली आणि दहा दिवस व्हायच्या आत समिती गुंडाळली. आणि २०२१ मध्ये उलटी गोष्ट घडली. एआयमधला न्याय आणि उत्तरदायित्व या विषयावर एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या जागतिक संघटनेची दरवर्षी एक परिषद होते, तिने गूगलची स्पॉन्सरशिपच थांबवली, कारण गूगलच्या एआय नीतिशास्त्राच्या टीमचं नेतृत्व करणाऱ्या दोन संशोधक बायकांना कंपनीतून बाहेर पडावं लागलं होतं. एवढ्या मोठ्या स्पॉन्सरला नाही म्हणायचं तर ते म्हणायचा अधिकार कोणाकडे आहे हे आधी माहीत असावं लागतं, ऐनवेळी अध्यक्षांना फोन करून ते ठरत नाही.

ऐनवेळी म्हटलं म्हणून सांगतो. आपल्या प्रत्येक सभेच्या नोटिशीत शेवटचा विषय असतो, "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर चर्चा करणे". तोपर्यंत चहा झालेला असतो, डोंबिवली-बदलापूरला जाणारे लोक उठलेले असतात, कोरम कसाबसा असतो, आणि नेमका तेव्हाच कोणीतरी सांगतं की अमुक कंपनी वार्षिक चर्चासत्राचा सगळा खर्च करायला तयार आहे, फक्त त्यांचा एक माणूस बीजभाषण करेल आणि बॅनरवर नाव राहील, हरकत नाही ना कोणाची? मग टाळ्या. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव पास. मी सांगतो, मंडळाचं स्वातंत्र्य जाणार असेल तर ते याच वेळेला जाईल, आणि कोणाचाही हेतू वाईट नसताना जाईल. म्हणून माझी या मंडळींना हात जोडून विनंती आहे की नियमावलीत एक कलम असं लिहा की देणगी, स्पॉन्सरशिप, कंपनीबरोबरचा करार किंवा फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, यातलं काहीही ऐनवेळच्या विषयात घेता येणार नाही, ते छापील विषयपत्रिकेत रकमेसकट आणि अटींसकट आलं पाहिजे आणि सभासदांनी हात वर करून मत दिलं पाहिजे. फुकट सॉफ्टवेअर मुद्दाम लिहिलंय. या क्षेत्रात कंपन्या रोख कमी आणि क्रेडिट, म्हणजे आपली सेवा ठरावीक मर्यादेपर्यंत फुकट वापरायची सवलत, जास्त देतात, आणि आपली मंडळी ती देणगी धरतच नाहीत, ना पावती ना नोंद.

दुसरं म्हणजे हितसंबंध सांगून टाकणं. कंपनीत काम करणाऱ्याला कार्यकारिणीवर घेऊच नये असं काही जण म्हणतील, ते मला पटत नाही. अमेरिकेत एआयची मोठी अभ्याससंस्था आहे, एएएआय, १९७९ पासूनची, तिच्या अध्यक्षपदावर काही वर्षांपूर्वी फ्रान्चेस्का रोसी होत्या, त्या आयबीएम या कंपनीत काम करणाऱ्या, आणि हे सगळ्यांना माहीत होतं. माहीत असणं हाच मुद्दा आहे. आपल्या मंडळात ज्याचा पगार, शेअर्स किंवा कन्सल्टन्सी एखाद्या एआय कंपनीतून येते त्याने दर वर्षी एका कागदावर तसं लिहून द्यावं, तो कागद सभासदांना बघता यावा, आणि त्या कंपनीचा विषय निघाला की त्याने मत देऊ नये. त्याच संस्थेची आणखी एक पद्धत घेण्यासारखी आहे, तिथे अध्यक्ष आधी दोन वर्षं नियोजित अध्यक्ष म्हणून काम शिकतो, मग दोन वर्षं अध्यक्ष, मग दोन वर्षं माजी अध्यक्ष म्हणून मदतीला. आपल्याकडे अध्यक्ष एकदा झाला की थेट श्रद्धांजलीच्या सभेपर्यंत अध्यक्षच. हे मी रागाने लिहीत नाही, त्यातले बहुतेक लोक खूप कष्ट करणारे असतात, पण ज्या विषयात दर सहा महिन्यांनी नवीन काहीतरी येतंय तिथे पंधरा वर्षं एकच माणूस कोणते प्रश्न महत्त्वाचे ते ठरवत बसला तर मंडळ मागे राहणारच. आणि पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद करायचा अर्ज, दाखल करायचा असतो, तोही करत नाहीत. इथल्याच एका मंडळाने वर्षानुवर्षं तो भरला नाही, रेकॉर्डवर असलेले दोघं वारले, आता बँक सही बदलून देत नाही आणि पैसे असून पुस्तकांची बिलं थकलीत. परदेशातल्या एखाद्या फाउंडेशनकडून पैसे घ्यायचे असतील तर आणखी वेगळी व्यवस्था, एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा आधी परवानगी लागते आणि पैसे पहिले दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. हे खजिनदाराला आधीच माहीत हवं, ईमेलवर हो म्हणून बसल्यावर नाही.

सभासद कोण होऊ शकतो यावरून तर पहिल्याच बैठकीत ताणाताणी होईल. पीएचडी हवी, पेपर छापलेला हवा, किमान एमए हवं वगैरे. अभ्याससंस्था म्हटल्यावर काही कसोटी हवी हे बरोबर, पण ती पदवीची असू नये असं मला मनापासून वाटतं. न्यायदर्शन या आपल्या जुन्या तर्कशास्त्राच्या परंपरेत शब्दप्रमाणाची चर्चा आहे, कोणाचं बोलणं ज्ञान म्हणून धरायचं त्याची, आणि तिथे न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणारा वात्स्यायन सांगतो की ज्याला गोष्ट नीट कळलीय आणि जशी कळली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे तो आप्त, म्हणजे ज्याच्या शब्दावर भरवसा ठेवावा असा माणूस, आणि हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू. इतक्या जुन्या काळी आपल्याच परंपरेत हे म्हटलं गेलंय! महापेला एआयसाठी फोटोंना आणि मजकुराला लेबल लावत दिवसभर बसणाऱ्या मुलीला या यंत्राबद्दल जे कळतं ते कुठल्याही प्राध्यापकाला कळणार नाही, तिला मत द्यायचा अधिकार नसेल तर मंडळ अपुरं राहील. कार्यकारिणीत निदान एक तृतीयांश जागा विद्यापीठाबाहेरच्या लोकांना ठेवा. यंत्र विचार करू शकेल का हा प्रश्न ॲलन ट्युरिंगने १९५० साली मांडला तो माइंड या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात, आणि तो स्वतः गणिताचा माणूस होता, म्हणजे दुसऱ्याच्या घरात जाऊन प्रश्न विचारायची रीत या विषयात सुरुवातीपासून आहे.

आता इतिवृत्ताबद्दल, आणि हे मला सगळ्यात जास्त खटकतंय. हल्ली सभेत फोन टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग करतात आणि एआयकडून इतिवृत्त बनवून घेतात. वेळ वाचतो, मान्य. पण असं बनवलेलं एक इतिवृत्त माझ्या हातात आलं, त्या सभेला मी स्वतः होतो, दोन सभासदांनी खर्चाला ठाम विरोध केला होता आणि एकाने तटस्थ राहतो असं सांगितलं होतं, आणि कागदावर आलं होतं "सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते". विरोध पुसला गेला. कोणी मुद्दाम केलं नाही, सारांश करताना यंत्राने कोपरे घासून टाकले, आणि सरचिटणिसांनी न वाचता सही केली. पुढच्या सभेत "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे" हा विषय अर्ध्या मिनिटात उरकला की ते कायमचं खरं होऊन बसतं, उद्या धर्मादायकडे वाद गेला तर तेच प्रोसीडिंग बुक पुरावा म्हणून उघडलं जातं. तत्त्वज्ञान आणि एआयचं मंडळ आपल्या स्वतःच्या दप्तरात एआय कसा वापरणार हे त्यांनी नियमावलीतच लिहायला हवं. माझं म्हणणं असं की मसुदा कशानेही करा, पण विरोधी मत देणाऱ्याचं नाव आणि कारण त्याने स्वतः लिहून द्यावं आणि ते जसंच्या तसं चिकटवावं, आणि सही करणाऱ्याने सगळं वाचून सही केली असं लिहावं. त्रैमासिकात येणाऱ्या लेखांनाही काहीतरी नियम लागेल, २०२३ साली आयसीएमएल या मशीन लर्निंगच्या मोठ्या परिषदेने यंत्राने लिहिलेल्या मजकुराचे शोधनिबंध चालणार नाहीत असं जाहीर केलं होतं, तेवढं कडक जायचं की फक्त लेखकाने सांगायचं हे संपादक मंडळाने आपसात न ठरवता सभासदांसमोर ठेवावं.

एकदा उद्देशपत्र नोंदलं गेलं की ते बदलणं सोपं नाही, कायद्याने खास सभा बोलवावी लागते, तीन पंचमांश मतं लागतात, आणि महिन्याभराने दुसरी सभा घेऊन तेवढ्याच मतांनी परत मंजुरी. म्हणून घाई नको. मसुदा मराठीत करा, नोटिशीबरोबर १५ दिवस आधी सगळ्यांना द्या, ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी एक प्रत वाचायला ठेवता आली तर फारच छान.

संपादक साहेब, मसुदा तयार झाला की त्यातलं निदान देणग्यांचं कलम आपल्या पेपरात छापावं, म्हणजे लोकांना वर्गणी भरायच्या आधीच त्यावर बोलता येईल. मंडळाच्या मंडळींना नियमावली तपासून हवी असेल किंवा पहिल्या वर्षाचे हिशेब लिहायला माणूस हवा असेल तर मी ते काम फी न घेता करीन.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (पश्चिम)