पाय मोडण्याची कळ कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत घरच्या संगणकासाठी मेकॅनिकल कीबोर्ड कसा निवडावा यावर अर्धे पान मजकूर आला होता. दिव्यांचे रंग झाले, आवाज झाला, कुठल्या खेळाला कुठला बरा हेही झाले. पण ज्याला त्यावर मराठी टाइप करायचे आहे त्याने काय पाहावे, याबद्दल एक ओळ नाही. मराठी वर्तमानपत्रात! म्हणून हे पत्र.

मी 31 वर्षे सरकारी कार्यालयात मराठी टंकलेखिका होते. सुरुवात गोदरेजच्या मशीनवर. त्यात अर्ध्या स-ला, अर्ध्या न-ला स्वतंत्र कळा असत आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागे. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत, आल्यावर इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची कळरचना शिकले, वयाच्या पंचेचाळिशीत, आणि सांगायला हरकत नाही, रडत शिकले. आता निवृत्तीनंतर सोसायटीची इतिवृत्ते, कुणाच्या आठवणी, कुणाचा प्रबंध असे रोज सात-आठ पानांचे काम घरी येते. गेल्या वर्षी डाव्या हाताचे मधले बोट सकाळी वळेनासे झाले. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. भाच्याने कीबोर्ड बदलायला सांगितले.

मधलेच बोट का, ते इनस्क्रिप्ट वापरणाऱ्याला लगेच कळेल. या रचनेत व्यंजने बहुतेक उजव्या हाताला आणि स्वर, काना, मात्रा, वेलांट्या डाव्या हाताला असतात. दोन्ही हात आलटून पालटून चालतात, फार सुंदर रचना आहे. पण काना इंग्रजी ई-च्या बटणावर आणि पाय मोडायची, म्हणजे अक्षर अर्धे करायची, कळ डी-वर. दोन्ही डाव्या मधल्या बोटाच्या वाट्याला! ‘स्वातंत्र्य’ हा शब्द मारून बघा. अकरा ठोके, त्यातले तीन पाय मोडण्याचे आणि एक कान्याचा. म्हणजे चार ठोके एकट्या बोटाचे, आणि दहा बोटांत हे एक बोट आहे. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हे दुखणे कधी कळणारच नाही.

पहिला कीबोर्ड मी घाईने ऑनलाइन मागवला. निळे स्विच, जांभळे दिवे. (मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो, त्याचा प्रकार रंगावरून ओळखतात.) निळा स्विच दर ठोक्याला टिकटिकतो. गोदरेजवर आयुष्य गेलेल्या बाईला त्याचे काही वाटले नाही, उलट बरे वाटले. दुपारी झोपणाऱ्या यजमानांना मात्र वाटले. पण खरी अडचण वेगळीच निघाली. त्याचा एंटर उलट्या एल-सारखा भलामोठा होता, आणि त्याला जागा देण्यासाठी उलटी तिरकी रेघ (\) जिथे असायची ती कळ वर बॅकस्पेसच्या शेजारी ढकललेली. इंग्रजीवाल्याला ही रेघ वर्षातून दोनदा लागत असेल. इनस्क्रिप्टमध्ये त्याच कळीवर ‘ॉ’ आहे. मी ‘डॉक्टर’ लिहायला जायची आणि ‘ड’ एका ओळीवर, ‘क्टर’ खालच्या ओळीवर. ऑफिस, कॉलेज, बॉम्बस्फोट, सगळ्यांची तीच गत. भाचा म्हणाला, मावशी, बटणे बदलून घेता येतील. बटणाचे काम बदलता येते हो, पण एंटरचा अगडबंब तुकडा कापून त्याची दोन बटणे कशी करणार? दहा दिवसांची मुदत होती, परत पाठवला.

दुसऱ्या वेळी भाच्याला घेऊन थेट मुंबईचा लॅमिंग्टन रोड, संगणकांच्या दुकानांचा रस्ता, गाठला. दुकानातल्या मुलाने नऊ स्विचची एक छोटी पाटी पुढे ठेवली आणि म्हणाला, आंटी, दाबून बघा. सगळे गिऱ्हाईक तर्जनीने दाबून बघते. मी डाव्या करंगळीने आणि मधल्या बोटाने बघितले, कारण काम त्यांना करायचे होते. चेरी या जर्मन कंपनीच्या लाल स्विचला साधारण 45 ग्रॅम दाब पुरतो, निळ्याला 60च्या आसपास. चेरीचे पेटंट संपल्यावर चिनी कंपन्यांनी त्याच घाटाचे स्विच काढले, म्हणून आज ते परवडतात. कळ एकंदर 4 मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर 2 मिलिमीटरलाच उमटते. आम्ही टाइपरायटरवाले तळाला आपटेपर्यंत ठोकतो, ती सवय मोडायला मला दोन महिने लागले. शेवटी तपकिरी घेतले. त्यात निळ्यासारखी टिकटिक नाही, पण अक्षर उमटताना बोटाला बारीकसा खडा लागतो, त्यामुळे पुढे दाबायची गरज नाही हे बोटाला समजते. लालमध्ये तो खडा नसतो आणि माझ्याकडून नको ती अक्षरे उमटत होती. कीबोर्ड 84 बटणांचा, साडेचार हजारांचा, आणि स्विच चिमट्याने उपटून बदलता येतात असा. उलटी तिरकी रेघ एंटरच्या डोक्यावर, जागच्या जागी आहे ना, हे दोनदा पाहिले.

आता मुख्य गोष्ट, जी आपल्या लेखात अजिबात नव्हती. कीबोर्डला मराठी येत नाही. इंग्रजीही येत नाही. तो फक्त बटणाचा क्रमांक पाठवतो. डी-चा क्रमांक 7. त्या सातचे ‘d’ करायचे की पाय मोडायचा, हे विंडोज ठरवते. म्हणून बटणांवर देवनागरी छापलेली नसली तरी काही बिघडत नाही. आणि म्हणूनच दुसऱ्या एखाद्या बटणाला सातचा आकडा पाठवायला शिकवले, तर मराठीत तिथे पाय मोडतो. माझ्या कीबोर्डच्या आत क्यूएमके नावाची फुकट, खुली प्रणाली चालते आणि व्हाया नावाच्या वेबपानावर बटणांची चित्रे दाबून ती बदलता येते. वायर जोडून क्रोममध्ये उघडायचे, ब्लूटूथवर ते दिसत नाही. मी स्पेसबारच्या उजवीकडच्या ऑल्टला डी केले. तेव्हापासून पाय मोडायचे काम उजवा अंगठा करतो. एवढी वर्षे तो नुसता स्पेस मारत ऐटीत बसला होता.

पहिला तासभर काहीच होईना. डी टाकला, सेव्ह झाला, दाबले की ऑल्टच. कीबोर्डच्या कडेला मॅक आणि विंडोज असे एक बारीक बटण असते. ते विंडोजकडे होते आणि मी व्हायामध्ये मॅकचा थर, म्हणजे मॅकसाठीचा बटणांच्या कामांचा संच, बदलत बसले होते! विंडोजसाठी वरच्या क्रमांकाचा थर वेगळाच होता.

हेच बदल विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज नावाच्या प्रोग्रॅमनेही होतात, आणि ज्याला नवा कीबोर्ड घ्यायचा नाही त्याने तेच करावे, पैसे वाचतील. पण तो प्रोग्रॅम चालू असेपर्यंतच बदल टिकतो, आणि सायबर कॅफेत किंवा कार्यालयाच्या संगणकावर तो टाकू कोण देतो? माझा बदल कीबोर्डच्या पोटात आहे. तो पिशवीत घालून बहिणीकडे गेले, तिच्या संगणकाला जोडला, मराठी चालू केली, की पाय अंगठ्यानेच मोडतो.

कॅप्स लॉकला मी विंडोज आणि स्पेस एकत्र दिले आहे. मराठीत मोठी अक्षरे नाहीतच, तेव्हा करंगळीजवळची ती मोक्याची जागा भाषा बदलायला वापरते. नुकसानही झाले, ते लपवत नाही. उजवा ऑल्ट गेल्यामुळे त्याच्यासोबत 4 दाबून येणारे रुपयाचे चिन्ह गेले. वीजबिलाच्या तक्रारीच्या इंग्रजी पत्रात रुपयाच्या जागी ‘d4’ उमटले तेव्हा लक्षात आले. आता कंट्रोल, ऑल्ट आणि 4 असे तिन्ही दाबते.

मग हाव सुटली. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘पायऱ्या’ यांतला ‘ऱ्य’ लिहायला शिफ्ट धरून जे, मग डी, मग य-साठी सरळ तिरकी रेघ (/). ही मालिका मी एफ बारा या बटणावर बसवली. हे शेपटीचे अक्षर हिंदीला लागत नाही, त्यामुळे कुणी आयते बटण देईल ही आशा नको.

दुकानदारांना आणि आपल्या पुरवणीच्या लेखकांना माझी विनंती आहे की कीबोर्डचे वर्णन लिहिताना दिव्यांच्या आधी दोन गोष्टी सांगाव्यात. उलट्या तिरक्या रेघेची कळ नेमकी कुठे आहे, आणि बटणांचे बदल कीबोर्डमध्ये साठतात की संगणकात. स्पेसबारच्या उजवीकडे किती कळा आहेत हेही सांगितले तर उपकार होतील, कारण काही लहान कीबोर्डांवर तिथे ऑल्टच नसतो.

आपली,
एक निवृत्त टंकलेखिका, डोंबिवली (पूर्व)

ता. क. – एफ बाराची ती मालिका संगणक इंग्रजीवर असतानाही तितक्याच इमानाने उमटते. या पत्रात कुठे जे, डी आणि सरळ तिरकी रेघ अशी इंग्रजी अक्षरे सापडली, तर मुद्रितशोधकांनी तिथे ‘ऱ्य’ वाचावे.