साहेब, ३१ डिसेंबरनंतर कापसाच्या शुल्कमुक्त आयातीला मुदतवाढ देऊ नका

डिसेंबर २०२५

माननीय केंद्रीय वाणिज्य मंत्री यांस,

साहेब, सप्रेम नमस्कार. पत्र मराठीतच लिहितेय, तुम्ही उत्तर मुंबईचे खासदार आहात, मराठी तुम्हाला समजतं. मी यवतमाळ जिल्ह्यातली. सहा एकर कोरडवाहू वावर आहे, त्यातल्या चार एकरात पऱ्हाटी, म्हणजे कापूस. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, करून वेचणी सुरू केली तेव्हा वाटलं होतं की यंदा तरी दिवाळीचं देणं फिटेल, आणि आता डिसेंबर लागलाय, दुसरी वेचणी उरकत आलीय, आणि कापूस घरातच पडलाय.

मुद्द्याचं आधी सांगते. २०२१ च्या बजेटपासून परदेशी कापसावर ११ टक्के आयात शुल्क होतं. यंदा ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारताच्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावला आणि त्याच महिन्यात सरकारनं आपलं ११ टक्के शुल्क काढून टाकलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग लगेच ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. म्हणजे नेमका आमचा कापूस फुटायचा, वेचायचा आणि विकायचा काळ. शुल्क निघालं आणि दोनच दिवसांत सरकारी कापूस महामंडळानं आपल्या गाठींचा भाव खंडीमागे (३५६ किलोमागे) हजार रुपयांहून जास्त उतरवला, तेव्हा आमच्याकडे बोंडही नीट धरलं नव्हतं. टॅरिफ लावला वॉशिंग्टननं, मार बसला कापड गिरणीला, आणि गिरणीला दिलासा दिला तो आमच्या खिशातून.

गिरणीवाल्यांचं दुखणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. माझा चुलतभाऊ तिरुपूरला बनियनच्या कारखान्यात आहे, ऑगस्टनंतर त्याचा ओव्हरटाइम बंद झालाय, घरी पैसे कमी येतात, ते मी बघतेय. पण त्यांना मदत करायची तर सरकारी तिजोरीतून करा ना, व्याजात सूट द्या, निर्यातीला आधार द्या. त्यासाठी शेतकऱ्याचा भाव कशाला पाडायचा?

आणि हे पहिल्यांदा नाही झालं. २०१० मध्ये आणि पुन्हा मार्च २०१२ मध्ये बाहेर भाव होता तेव्हा सरकारनं कापसाची निर्यात थांबवली. २०२२ च्या सुरुवातीला कितीतरी वर्षांनी आम्हाला क्विंटलला दहा हजाराच्या वर भाव दिसला, तर एप्रिलमध्ये आयात शुल्क माफ. सरकार तेव्हा कोणाचंही असो, भाव चढला की बाहेर जायचं दार बंद होतं नाहीतर आत यायचं दार उघडतं, आणि भाव पडला की सगळे म्हणतात हा ग्लोबल मार्केट आहे, आम्ही काय करणार. शेतकरी संघटनेचे शरद जोशी आयुष्यभर सांगत राहिले की शेतकऱ्याला खुल्या बाजाराची भीती नाही, तो बाजार त्याच्यासाठी खुला होऊच दिला जात नाही. माझे वडील त्यांच्या सभांना सायकलनं जायचे. मला ते आता कळतंय.

लोक म्हणतात जागतिकीकरण १९९१ ला आलं. आमच्याकडे त्याच्या कितीतरी आधी आलं साहेब. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरला कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या भावानं गेला, आणि १८६५ ला युद्ध संपल्यावर तो भाव जमिनीवर आला. पुढे यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे टाकली ती पण रुई न्यायलाच. आता ती बंद आहे, रुळांवर गवत वाढलंय.

हे फक्त आमचंच रडगाणं नाही. आफ्रिकेतले बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड हे चार गरीब देश २००३ पासून जागतिक व्यापार संघटनेत सांगतायत की अमेरिका आपल्या कापूस शेतकऱ्यांना एवढी सबसिडी देते की जगाचा भाव पडतो आणि आमची माणसं मरतात. ब्राझीलनं केस लढली, जिंकली, तर २०१४ मध्ये अमेरिकेनं ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. त्या चार देशांचं गाऱ्हाणं मात्र तसंच राहिलं. ज्याच्यात लढायची ताकद त्याच्यासाठी नियम वाकतात. भारतात ती ताकद आहे, म्हणून तुमच्याकडून अपेक्षा आहे.

आता आमच्या घरातलं सांगते. वेचायला बाया किलोला दहा रुपये घेतात, आणि घ्यायलाच पाहिजेत, कारण दिवसभर कमरेला ओटी बांधून वाकायचं, सुकलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला घुसतात, संध्याकाळी भाकरी थापताना पीठ लागलं तरी झोंबतं. मीही त्यांच्याबरोबर वेचते. २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० रुपये आहे. ८ टक्क्यांच्या वर ओलावा असला की भाव कापतात, १२ च्या वर घेतच नाहीत. आम्ही कापूस भरून खरेदी केंद्रावर नेला, अर्धा दिवस लाइनीत उभे राहिलो, मीटरची सळई कापसात खुपसली, १४ दाखवलं, गाडी परत. यंदा पाऊस दिवाळीपर्यंत लांबला, थंडीत दव पडतं, कापूस ८ वर येणार कसा? भाड्याची गाडी रिकामी करायला पुन्हा घरी आणणं परवडेना म्हणून त्यातला निम्मा तिथेच जवळच्या व्यापाऱ्याला ६,८०० नं दिला. त्यानं मीटर लावलाच नाही, मोबाइलवर परदेशातला भाव दाखवला आणि म्हणाला, ताई बाहेरून स्वस्त येतोय, मी तरी काय करू.

म्हणून मागणं एवढंच आहे. ३१ डिसेंबरला मुदत संपतेय, ती वाढवू नका, शुल्क परत लावा. आणि पुढे कधी शुल्क कमी करायची वेळ आलीच तर ऑक्टोबर ते मार्च या काळात नको, आणि निर्णयाआधी एकदा पिकवणाऱ्याला विचारा. गिरण्यांच्या संघटना दिल्लीत तुम्हाला भेटू शकतात. आम्ही वेचणी सोडून दिल्लीला येऊ शकत नाही.

उरलेला पंधरा क्विंटल कापूस आतल्या खोलीत छतापर्यंत रचलाय. लेकरं त्याच्याच बाजूला झोपतात, त्यांच्या अंगाला खाज सुटलीय, धाकट्याच्या मानेवर पुरळ उठलंय. रोज त्याला खोबरेल लावते. तरी ३१ तारखेपर्यंत तो कापूस मी काढणार नाही, तुमचा आदेश काय येतो ते बघूनच गाडी सांगणार आहे.

आपली,
यवतमाळ जिल्ह्यातली एक कापूस उत्पादक